गुरुवारचा चौकोन

मंडळीच्या पत्रकात शेवटच्या पानावर
माझा एक चौकोन असतो.
वर आजाऱ्यांची नावं, खाली यंदा कॉफी कुणाकडे,
मधे मी. तबेया टीसन, वय तेवीस,
दर रविवारी दीडशे शब्द.
मजकूर गुरुवारी सहाच्या आत.
सहाला छपाईचं यंत्र तापतं
आणि पाळक राइमर ते एकदाच तापवतात.

दिवसभर मी धान्याच्या गुदामात वजनकाट्यावर.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक मी लिहून देते.
(हे मार्चमध्येच वापरून झालं.
आईचे विजोड मोजे, गोठलेला नळ,
पार्किंगमध्ये वाट चुकलेलं हरीण,
सगळ्यातून काही ना काही बोध काढून झाला.
हरणाला माहीतही नाही.)

पुस्तक पहाटे साडेचारला.
गॅरेजमध्ये, हीटरच्या तोंडाशी पाय धरून.
त्याची वाट कुणी बघत नाही,
त्याला गुरुवार नाही.
तीन वर्षं झाली, त्यातली नदी अजून गोठलेलीच,
हेन्रिक मामा काठावर उभा,
पाऊल टाकतो की नाही, मलाच ठाऊक नाही.

चौकोन म्हणजे रानातला मान्ना:
आजचा आज गोड, उद्या त्यात किडे.
पुस्तक म्हणजे हिवाळी गहू.
सप्टेंबरात पेरायचा, मग बर्फ,
मग लोक विचारतात, यंदा रान पडीक का?
थंडी खाल्ल्याशिवाय तो ओंबी धरत नाही.
हे मी पाळक राइमरना समजावून सांगितलं.
म्हणाले, "सुरेख! हेच लिही ना चौकोनात."

फेब्रुवारीतला एक गुरुवार.
बाहेर उणे एकतीस, घड्याळात पाच पंचवीस,
डोक्यात खडखडाट.
मी पुस्तक उघडलं आणि त्यातली मामी काढली.
रात्रभर दारात कंदील धरून उभी राहिलेली,
उजाडल्यावरही तो विझवायचं विसरलेली मामी.
त्या दारापर्यंत पोचायला मला दोन हिवाळे लागले होते.
कडा कापल्या, शेवटी
"देवही असाच वाट पाहतो" असं एक शेपूट जोडलं
आणि पाच अठ्ठावन्नला पाठवून दिली.

रविवारी लोक रडले.
आगानेताबाई क्लिपनस्टाइननी कात्रण फ्रिजवर लावलं,
बटाट्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
आई म्हणाली, आता कुठे काहीतरी लिहिलंस.

सोमवारी साडेचारला त्या पानापाशी गेले.
पान होतं. शब्दही तेच.
पण मामी आता कुणासाठी थांबली नव्हती,
ती शिकवण देत उभी होती,
रंगवलेल्या काचेतल्यासारखी, जरा प्रकाशाकडे तोंड करून.
बियाण्याचं पोतं मी दळून खाल्लं होतं,
आणि भाकरी चांगली झाली म्हणून
गावानं पाठ थोपटली होती.

प्रभू, म्हटलं, दोन्ही तुझंच ना?
मग माझ्या अंगणात भांडण का?
उत्तर नाही.
हीटर तेवढा खाकरला.

पाळक राइमरना सांगितलं: महिन्यातून दोनच.
त्यांनी चष्मा पुसला. बराच पुसला.
"मग उरलेल्या रविवारी तिथे काय छापू?"
काही नको. चौकट तेवढी राहू द्या.

पहिल्या कोऱ्या रविवारी मी मान वर केली नाही.
आळस दिसत होता तो, किंवा गर्व,
दोन्ही लांबून सारखेच दिसतात.
उपासनेनंतर आगानेताबाईंचं पत्रक बाकावर राहिलं होतं.
माझ्या चौकोनात पेन्सिलीनं:
अंडी, यीस्ट, काळा दोरा,
आणि खाली एक नाव,
लिहून खोडलेलं, तरी वाचता येईल एवढंच खोडलेलं.
मी पत्रक घडी करून त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवलं.
विचारलं नाही.
लिहिणारही नव्हते, पण हे बघा.

आज मंगळवार. पहाटे
मामीच्या हातातून कंदील काढून घेतलाय.
अंधारात ती काय करते, अजून दिसत नाही.
बसलेय.
परवा गुरुवार.